प्लग काढून बघा

गाडी बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत बॉनेटपाशी येऊन उभा राहणारा माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्या परंड्यातल्या त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात. परंड्यात अण्णा इतके आहेत, की एवढं सांगितल्यानं कोणाची ओळख उघडी पडायची भीती नाही. एसटी स्टँडपासून किल्ल्यापर्यंत कुठंही इंजिन खोकलं की अण्णांच्या कानावर जातं. हातात कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात चष्मा, आणि तोंडात एकच वाक्य : "प्लग काढून बगा."

काय झालंय, हे ते विचारत नाहीत. गाडी चालूच होईना? प्लग. चालू होते, पण मिसिंग मारायलीय? प्लग. चढाला दम खाते, अॅव्हरेज पडलं, सकाळी चार-चार वेळा सेल मारावा लागतो? प्लग, प्लग आणि प्लग. पंक्चर काढायला थांबलेल्या माणसालाही "थांबलाच हायसा तर प्लग बगून घ्या" असं त्यांनी सांगितलेलं आहे.

एकदा भूमकडून आलेली एक पिकअप स्टँडसमोर गपगार झाली. अण्णांनी निदान सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, डिझेल गाडी आहे. हिला तुमचा तो प्लग नसतो." पोराचं खरं होतं. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबतात की ती तापते आणि डिझेल आपसूक पेटतं, ठिणगी लागत नाही. थंडीत आतली हवा गरम करायला हीटर प्लग असतो, पण ते काम वेगळं. अण्णांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी त्या पिकअपकडे जरा वेळ दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "मग बंद पडंल न्हाई तर काय हुईल?"

या श्रद्धेला इतिहास आहे. 1972 साली दुष्काळ पडला आणि त्याच साली लूना आली, असं अण्णा सांगतात. दुष्काळ हटला, लूना राहिली. लूना काय किंवा तेव्हाच्या स्कूटरी काय, सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ते ऑइल पुरतं जळत नसे, त्याची काजळी प्लगच्या टोकाशी साचायची, आणि फट बुजली की ठिणगी उडायचीच नाही. तेव्हा प्लग काढा, घासा, फुंकर मारा, बसवा, किक मारा, की गाडी खरोखर चालू व्हायची. दहातल्या आठ वेळा अण्णांचं निदान बरोबर यायचं. ज्याचं निदान तरुणपणी दहातल्या आठ वेळा बरोबर आलं, तो माणूस पुढं आयुष्यात दुसरं निदान शिकत नाही. हे मी फक्त गाड्यांबद्दल बोलत नाही.

पिशवीत काय असतं? प्लग पाना, त्याची टॉमी, पॉलिश पेपरची घडी, बाद झालेला टूथब्रश, आणि आरीच्या पानाचा एक तुकडा. प्लगच्या मधल्या टोकात आणि वरच्या वाकड्या पट्टीत फट किती ठेवायची, ते या तुकड्यानं ठरतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर लागते, नव्या गाड्यांना कधी एक मिलिमीटरच्या पुढं. फिटरकडे यासाठी फिलर गेज असतो. अण्णांकडे आरीचं पान आणि डावा डोळा असतो. पान जरा कमी भरतं, उरलेलं डोळा भरून काढतो.

करंट तपासायची पद्धतही त्यांची स्वतःची. प्लग काढून वायरच्या टोपीत खुपसायचा, अंग इंजिनाला टेकवायचं आणि कोणाला तरी सेल मारायला सांगायचं. निळी ठिणगी दिसली की करंट आहे. मात्र प्लग धरायला ते नेहमी गाडीमालकालाच लावतात. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी कॉइल त्याचे पंधरा-वीस हजार करते. मालक "आई गं" म्हणून दोन फूट मागं उडतो, आणि अण्णा शांतपणे निष्कर्ष काढतात, "कॉइल चांगली हाय."

मग येतो वाचनाचा कार्यक्रम. काढलेला प्लग उन्हात धरून अण्णा तो कुंडलीसारखा वाचतात, आणि इथं मात्र मान डोलवावी लागते. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी : "एअर फिल्टर कवा झाडलाय? की सोनारीच्या जत्रंला घातलेली धूळ अजून तशीच?" काळं आणि वर तेलकट चिकट असेल, तर ऑइल वर चढतंय : "रिंगा गेल्यात. गिऱ्हाईक बग." पांढरंफटक, फोड आल्यागत दिसलं, तर इंजिन तापतंय : "पाणी बगतोस का कवा रेडिएटरचं?" हे सगळं खरं आहे. कुठल्याही चांगल्या गॅरेजात असंच सांगतील, फक्त इतक्या माणसांसमोर सांगणार नाहीत.

आणखी एक गोष्ट अण्णा ओळखतात. काजळी आहे, पण फिल्टर साफ, रिंगा साफ. मग विचारतात, "गाडी घरापासनं पोरांच्या शाळेपर्यंतच जाती न्हवं?" मालक चपापतो. प्लगचं टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांवर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. अर्ध्या किलोमीटरच्या खेपा मारणाऱ्या गाडीचा प्लग तेवढा तापतच नाही. यावर अण्णांचा उतारा ठरलेला आहे, "एकदा बार्शीला न्या. दमात न्या." पंचवीस-तीस किलोमीटर गाडी एका दमात पळाली की प्लग स्वतःला साफ करून घेतो, हेही शास्त्राला धरूनच. फक्त आवाज ऐकायला कोणीतरी जाणकार शेजारी बसावा लागतो. त्यामुळं अण्णा शेजारी बसतात. बार्शीत भगवंताचं दर्शन, बहिणीचं घर आणि चष्म्याचं दुकान एवढं उरकून ते त्याच गाडीतून परत येतात. गेल्या काही वर्षांत अण्णांनी बार्शीचं एसटीचं तिकीट काढलेलं कोणी पाहिलेलं नाही.

प्लग काढावा तर अण्णांनीच, हेही सांगून टाकतो. गरम इंजिनाला ते हात लावत नाहीत. हेड अॅल्युमिनियमचं, तापलेलं असताना पाना लावला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतील, म्हणून आधी चहा. चहा अर्थातच मालकाचा. मग प्लगच्या बुडाभोवतीची धूळ सायकलच्या पंपानं उडवायची, नाहीतर प्लग निघाल्यावर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. एका वेळी एकच वायर काढायची, म्हणजे कोणती कुठली हा घोळ नाही. वायर धरून ओढायची नाही, टोपी धरून काढायची. बसवताना पाना बाजूला, आधी नुसत्या बोटांनी आटे लावायचे. बोटांनी सहज फिरला तर सरळ बसतोय, अडला तर उलटा फिरवून परत. बोटांनी टेकेपर्यंत आणायचा, मग पान्यानं नव्या वॉशरला अर्धा-पाऊण फेरा, जुन्याला जेमतेम चिमूटभर. जोर लावणाऱ्या पोराला अण्णा टॉमीच्या टोकानं कोपरावर टोचतात. "प्लग हाय त्यो. नांगराचा बोल्ट न्हवं." आणि प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बाद. चिनी मातीला आतून बारीक तडा गेला तर बाहेरून दिसत नाही आणि ठिणगी भलतीकडून पळते.

इतकं सगळं येणाऱ्या माणसाला एकच गोष्ट येत नाही, ती म्हणजे प्लग बदलणं. काढणं, घासणं, बसवणं यात हयात गेली, पण नवा प्लग विकत आणणं हा त्यांच्या लेखी पराभव. "माणूस रोज दाढी करतो," ते म्हणतात, "तोंड बदलतो का?" गावातला फिटर अण्णांच्या पोराच्या वयाचा. त्यानं एकदा समजवायचा प्रयत्न केला. म्हणाला, "अण्णा, काजळी घासता येती, झीज कशी घासणार? नव्या प्लगच्या टोकाला धार असती, ठिणगी धारेवरनं लवकर उडती. वापरून वापरून टोक गोल हुतं, फट वाढती, मग तीच ठिणगी उडवायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. पॉलिश पेपर मारला की वर चरे पडतात, त्यात काजळी आणखी धरती." मग त्यानं पॅडवर हिशेबच मांडला. इंजिनाचे मिनिटाला अडीच हजार फेरे धरले, तर एका प्लगच्या साडेबाराशे ठिणग्या. ताशी पन्नासनं तीस हजार किलोमीटर म्हणजे सहाशे तास. सहाशे तासांच्या ठिणग्या साडेचार कोटी. साधा निकेलचा प्लग त्या सुमाराला बदलावा, गाडीच्या पुस्तकात आधी सांगितला असेल तर आधी.

अण्णांनी चष्मा लावून गुणाकार तपासला. बरोबर होता. मग म्हणाले, "साडेचार कोटी येळा ज्यानं साथ दिली, त्याला उकिरड्यावर टाकू म्हणतोस?"

यावर फिटरकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं : अर्धवट पेटलेलं पेट्रोल धुराड्यातून वाया जातं, आणि नव्या गाड्यांत ते पुढं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, ज्याच्या किमतीत प्लगांची पेटीच्या पेटी येईल. पण अण्णा तोवर किल्ल्याकडे निघाले होते.

किल्ला हा अण्णांच्या सिद्धांताचा शेवटचा पुरावा. बाहेरगावचं कोणी आलं की ते त्याला बुरुजावरच्या तोफांपाशी नेतात आणि तिथं नसलेल्या तोफेबद्दल बोलतात. मलिक-ए-मैदान. 1549 साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला ओतली, परंड्याच्या किल्ल्यात होती, 1632 मध्ये विजापूरकरांनी नेली. वजन पंचावन्न टन. इतिहास इथवर ठीक चालतो. पुढं अण्णा तोफेच्या मागच्या भोकाकडे येतात. "एवढं मोठं धूड, पण बत्ती कुठनं? हितनं, करंगळीएवढ्या भोकातनं. म्हंजे प्लगच की! दारू असू द्या न्हाईतर पेट्रोल, ठिणगी पडली तर तोफ, न्हाई पडली तर लोखंड." पाहुणा मान डोलवतो. मग अण्णा हळूच सांगतात, "तोफ नेली त्यांनी. बत्ती देणारा हितंच राहिला असंल."

अण्णांची स्वतःची गाडी म्हणजे जुनी मारुती 800. तीन सिलिंडर, तीन प्लग, कार्बोरेटर, सगळं उघड्यावर, हात घालू तिथं पोचतो. प्लग मायकोचे. 1951 साली बंगळुरात कंपनी निघाली, पुढं तिचं नाव बॉश झालं, पण आमच्याकडं प्लग म्हणजे मायकोच. ते मूळचे आहेत की कोणा दुसऱ्या आठशेतून निवृत्त होऊन आलेत, हे अण्णाच जाणोत. घासून घासून त्यांची वरची पट्टी पातळ झालेली आहे.

मागच्या दिवाळीला पुण्याचा भाचा नवी पेट्रोल गाडी घेऊन आला. अण्णांनी पिशवी काढली, बॉनेट उघडायला लावलं, आणि पाहतात तर वर काळं प्लॅस्टिकचं झाकण. "प्लग कुठाय?" भाच्यानं झाकण काढलं. वायर नाही, टोपी नाही, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल, आणि प्लग हातभर खोल विहिरीत. "मामा, इरिडियमचे आहेत," भाचा म्हणाला. "पुस्तकात लाखभर किलोमीटरला बदला असं लिहिलंय. आणि ब्रश मारायचा नाही. टोक सुईसारखं बारीक असतं, मोडतं. अन् ते बाहेर काढून करंट बघायचं तर मुळीच नाही, आतली इलेक्ट्रॉनिक्स जळतील." अण्णा काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी चकलीही एकच खाल्ली.

त्यांना तारलं ते सीएनजीनं. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ठिणगी उडवायला दाब जास्त लागतो, प्लग लवकर झिजतात, फट थोडी कमी ठेवावी लागते. परंड्यात गॅसवरच्या गाड्या मिसिंग मारू लागल्या, तशी अण्णांची पिशवी परत स्टँडवर दिसू लागली.

आणि मग उन्हाळ्यात, बार्शीच्या रस्त्यावर, अण्णांचीच आठशे बंद पडली. अण्णा उतरले. बॉनेट उघडलं. तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा एक कॉलेजचा पोरगा थांबला, गॉगल वर केला आणि म्हणाला, "काका, प्लग काढून बघितला का?"

अण्णा भडकले. "प्लगाचं काय हाय त्यात? आलाय शहाणा! पेट्रोल बग, पंप बग, पॉइंट बग. गाडी बंद पडली की उठसूट प्लग?" पोरानं पेट्रोल पाहिलं, होतं. मग त्यानं गावातल्या फिटरला फोन लावला. फिटर येताना न विचारता तीन नवे प्लग घेऊन आला, कारण गावातल्या प्रत्येक गाडीचा इतिहास त्याला माहीत होता. जुन्यांतल्या एकाची पट्टी गळून पडलेली निघाली. नवे बसले, सेल मारला, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि इतकी गप चालली की अण्णांनी दोनदा विचारलं, चालू आहे ना?

"आवाज गेला हिचा," ते परतीच्या वाटेवर तक्रारीच्या सुरात म्हणाले.

फिटर जुने प्लग रस्त्याच्या कडेला टाकणार होता. अण्णांनी ते रुमालात बांधून घरी आणले, रात्री रॉकेलमध्ये भिजवले आणि सकाळी पॉलिश पेपर मारून चकचकीत केले. एकाची पट्टी नाही, पण बाकीचे दोन "अजून बक्कळ चालतील". त्यातला एक गल्लीतल्या एका गुरुजींच्या आठशेत बसवून झालाय. दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक बघणं चालू आहे. तुमची जुनी आठशे असेल, तर परंड्यातून जाताना स्टँडपाशी गाडी हळू करू नका.