तुमचा आवाज येत नाही

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडात, वजिराबादेत चहा पीत होतो. "मामा, अकराला इंटरव्ह्यू हाय अन् कॅमेरा लागंना!" पावणेअकरा झाले होते.

लेकरू लातूरचं, अस्सल लातूर पॅटर्नमध्ये मुरलेलं. चार पर्याय दिसले की प्रश्न न वाचता उत्तर सांगेल. ब्राउझरनं मात्र तीनच पर्याय दिले: साइटवर असेपर्यंत परवानगी, फक्त या वेळी परवानगी, कधीही नाही. पठ्ठ्यानं तिसरा टिचकावला. 'नीट'मध्ये चुकलं तर एक गुण कटतो, इथं अख्खं तोंडच कटलं.

"कामून दाबलास रे ते?"

"मामा, अनोळखी माणसाचा व्हिडिओ कॉल आला की थांबा, विचार करा, मग कृती करा, असं खुद्द पंतप्रधान बोललेत."

खरंच बोललेत. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये, डिजिटल अरेस्टवाल्या भामट्यांबद्दल. भाचा थांबला, त्यानं विचार केला, कृती केली आणि नोकरी द्यायला आलेल्या माणसाला दाराबाहेर उभं केलं.

आता ब्राउझरचा स्वभाव असा की कॅमेरा आणि माइक हे भाऊबंदांसारखे. एकदा 'नाही' म्हटलं की मनात धरतात, पुन्हा विचारायला येत नाहीत. आपणच जाऊन समजूत काढायची. स्क्रीन शेअरिंगचं उलट. तो नवा जावई. काल आला होता म्हणून आज आपणहून येणार नाही, दरवेळी नव्यानं आवतण.

मी जाणकाराच्या आवाजात म्हणालो, "वर पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलूप दिसतंय का?"

"कुलूप न्हाई मामा. दोन काड्या अन् दोन टिकल्या हायेत."

माझं ज्ञान शिळं निघालं. क्रोमनं ते कुलूप २०२३ मध्येच काढलं. कुलूप दिसलं की लोकांना साइट भरवशाची वाटायची, आणि भामट्यांच्या साइटलाही तेच कुलूप. असो. टिकल्यांवर टिचकी मारली, कॅमेरा-माइकची बटणं सुरू केली, पान रिफ्रेश केलं. तरी अंधार.

कारण ब्राउझर हा नुसता तलाठी. वर विंडोज नावाचे तहसीलदार बसलेले. त्यांच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथं कॅमेरा, तिथं 'डेस्कटॉप ॲप्सना कॅमेरा वापरू द्या' अशी वेगळी मंजुरी. माइकचा अर्ज परत वेगळा. सातबाऱ्याला इतके हेलपाटे पडत नाहीत, असं म्हणणार होतो, पण पडतात.

तहसीलदारांनीही सही केली. अंधार कायम.

तेवढ्यात मागून ताईचा आवाज: "अरे, त्या भोकावर म्या टिकली लावलीय. त्यातून कुणी बी बघतंय म्हणं!"

गावभरच्या सायबर-जागृतीचं सगळं सार त्या मरून टिकलीत होतं. ती निघाली आणि अकराला दोन मिनिटं कमी असताना भाचा उजेडात आला.

मुलाखत सुरू झाली. माइकला परवानगी दिली म्हणजे एकट्या भाच्याला दिली असं नसतं, घरादाराला मिळते. बरोबर सव्वाअकराला नळ आला. लातूरकराला नळाची थोरवी सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं हे शहर. पुढची दोन मिनिटं बंगळुरूच्या साहेबांनी डेटा स्ट्रक्चरच्या जोडीनं घागरी, मोटार आणि "पाइप धर, पाइप!" हेही ऐकलं.

मग ते म्हणाले, स्क्रीन दाखवा. मोबाइलच्या ब्राउझरमधून ती दाखवता येत नाही, म्हणून तर शेजाऱ्याचा लॅपटॉप मागून आणलेला. पुन्हा तीन पर्याय: टॅब, विंडो की पूर्ण स्क्रीन. भाचा आमचाच, मन मोठं. त्यानं पूर्ण स्क्रीन दिली. पडद्यात पडदा, त्यात पडदा, सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांसारखी भाच्यांची रांग लागली.

इकडे नांदेडात माझा दुसरा चहा झाला होता. राहवेना. व्हॉट्सॲपवर लिहिलं, "लागली का रे? पगार किती म्हणाले? पुण्याचं स्थळ थांबवलंय."

भाच्यानं त्याच लॅपटॉपवर आपलं व्हॉट्सॲपही उघडून ठेवलेलं. लातुरात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ते टुणकन उगवलं. साहेब मराठी निघाले. सावकाश वाचून म्हणाले, "मामांना सांगा, अजून पहिलाच राउंड आहे."