स्कीमभाऊ

चितेगावात पैठण रोडला लागून ज्या नव्या कॉलन्या झाल्या आहेत, त्यातल्या एकीत स्कीमभाऊ राहतात. आधार कार्डावर त्यांचं नाव वेगळं आहे. व्हिजिटिंग कार्डावर त्या नावाखाली ‘एरिया मॅनेजर, चॅनेल पार्टनर सेल्स’ असं छापलंय, पण ते वाचून आजवर कुणाला काही कळलेलं नाही. मुलगी द्यायच्या आधी सासऱ्यांनी सरळच विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?”

“कंपनीचा माल डीलरला देतो.”

“म्हणजे गाडी चालवता?”

“नाही, गाडी ट्रान्सपोर्टची. मी फक्त सांगतो, अन् डीलर माल घेतो.”

“अन् नाही घेतला तर?”

मुलगी मिळाली, संसार झाला, पोरगं दहावीला आलं, पण या प्रश्नाचं उत्तर भाऊ अजून शोधताहेत.

टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी बनवणाऱ्या एका कंपनीत भाऊ आहेत. गंमत अशी, की इतक्या वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला एकही टीव्ही विकलेला नाही. कंपनी डिस्ट्रिब्युटरच्या नावावर बिल फाडते, ती प्रायमरी. डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला माल देतो, ती सेकंडरी. दुकानदार गिऱ्हाइकाच्या घरी टीव्ही पोचवतो, ती टर्शरी. पगार वाढतो तो प्रायमरीवर आणि झोप लागते ती टर्शरीवर. कारण वरून ढकललेला माल खालून सरकला नाही, तर तो मधेच कुठंतरी साचतो. आणि तो जिथं साचतो, तिथं भाऊंना रोज जावं लागतं.

टीव्हीच्या धंद्यातला माणूस चितेगावात राहतो, यात तसं नवल नाही. १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि त्या दशकात व्हिडिओकॉनने घराघरांत नाव केलं. त्या कंपनीचा कागदोपत्री पत्ताच ‘१४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’ असा होता. या गावाने टीव्ही आधी आतून पाहिला आणि मग बाहेरून. त्यामुळे पारावर बसून भाऊ नव्या मॉडेलचं कौतुक करायला लागले, की तिथल्या कारखान्यात लाइनवर उमेदीची वर्षं काढलेला एखादा काका हमखास म्हणतो, “भाऊ, पॅनल कशाला म्हणतात ते आम्हाला नका शिकवू. भाव सांगा. कंपनीच्या भावात बसवता का?” जून २०१८ मध्ये कंपनीविरुद्धचं दिवाळखोरीचं प्रकरण एनसीएलटीने, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, दाखल करून घेतलं आणि पुढचं सगळं पेपरात आलं. भाऊ मात्र घराचा पत्ता सांगताना आजही व्हिडिओकॉनच्या गेटपासूनच सुरुवात करतात.

भाऊंच्या महिन्याला तीनच ऋतू. एक ते दहा वसुली, अकरा ते वीस गोडीगुलाबी, एकवीस ते तीस टार्गेट. पहिल्या ऋतूत दुकानदाराला ‘शेठ, तेवढा चेक’, दुसऱ्यात ‘शेठ, चहा घेऊ’ आणि तिसऱ्यात ‘शेठ, तुम्ही माझे मोठे भाऊ’. उलट दुकानदारही त्यांना महिनाअखेरीपर्यंत ‘साहेब’ म्हणतो, आणि स्कीमच्या पैशांचा क्लेम अडकला की ‘ओ भाऊ’.

खरा भाऊ बघायचा तो तीस तारखेला संध्याकाळी, बिडकीन किंवा पैठणच्या एखाद्या दुकानात. काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल, मांडीवर बॅग, बॅगेवर मोबाइल आणि मोबाइलवर स्कीमचा फोटो.

“शेठ, पंचवीसला दोन टक्के, चाळीसला साडेतीन. तुमचे चौतीस झालेत. सहाच तर राहिले!”

“सहा कुठं ठेवू? डोक्यावर?”

“अहो, सहा घेतले की चाळीसच्या चाळीसवर दीड टक्का वाढतो. पंधरा हजाराचा सेट धरला तरी नऊ हजार सुटतात.”

“म्हणजे नऊ हजार सुटावेत म्हणून मी नव्वद हजार घालू?”

“नव्वद हजार कुठं जातात शेठ? गोदामातच राहतात.”

“तेच तर म्हणतोय मी!”

मग शेठ गल्ल्याखालचा ड्रॉवर ओढतात. त्यात मागच्या दिवाळीच्या स्कीमचा कागद असतो, घड्या पडून पडून चार जागी फाटलेला. “हिची क्रेडिट नोट?”

“सिस्टिममध्ये आहे.”

“ही पैठण रोडची नवी पाइपलाइन बघता ना? तिच्यातून जायकवाडीचं पाणी एक दिवस शहराला पोचेल, पण तुमचा क्लेम काही पोचायचा नाही.”

भाऊ हसतात. शेठ चहा सांगतात. चहा येतो, म्हणजे नकार अजून पक्का नाही. साडेआठला सहाचे तीन होतात, नऊला तीनचे परत सहा होतात आणि शटर अर्धं खाली आल्यावर शेठ म्हणतात, “टाका. पण पुढच्या महिन्यात तोंड दाखवू नका.” एक तारखेला सकाळी साडेदहाला भाऊ त्याच स्टुलावर असतात, चेक मागायला.

हे धैर्य कुठून येतं, असं मी एकदा विचारलं, तर भाऊंनी पैठणच्या दिशेने हात जोडले. गोदेवर स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ न चिडता पुन्हा पुन्हा नदीवर जातात, ही गोष्ट इकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असते. भाऊंनी तिचा धंद्यात उपयोग केला. फक्त एका बाबतीत त्यांची नाथांकडे तक्रार आहे. नाथषष्ठी, म्हणजे नाथांची पुण्यतिथी, फाल्गुनात येते, बहुतेक वेळा मार्चमध्ये. इकडे वर्षाचं क्लोजिंग, तिकडे दिंड्यांची गर्दी. पार्टीला, म्हणजे दुकानदाराला, फोन लावावा, तर मागून टाळ ऐकू येतात आणि शेठ म्हणतात, “माउली, षष्ठी झाल्यावर बोलू.” वर्षभर ‘ओ भाऊ’ म्हणणारा माणूस त्या आठवड्यात ‘माउली’ म्हणतो आणि एक नग उचलत नाही.

एकदा कुणीतरी भाऊंना ‘पेरिप्लस’ची माहिती दिली, तेव्हापासून त्यांची छाती दोन इंच फुगली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या या प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून रंगीत दगड, तगरहून सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायची, तीही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. भाऊ म्हणतात, “बघा, पैठण अन् तेर! माझीच टेरिटरी. दोन हजार वर्षांपूर्वी माझ्यासारखाच कुणीतरी इथं बसून भडोचच्या पार्टीला सांगत असेल, दहा गाड्या उचला, अकरावीवर सूट देतो. अन् रस्त्याचं म्हणाल, तर तो विषयच नको.”

रोज सकाळी साडेनऊला हेड ऑफिसचा व्हिडिओ कॉल असतो. तिकडे एक्सेलची शीट, इकडे भाऊ. शीटमध्ये मागच्या वर्षीचा आकडा असतो आणि त्यावर पंधरा टक्के चढवले, की या वर्षीचं टार्गेट तयार. भाऊंचं टार्गेट मात्र रानात तयार होतं. पाऊस कधी पडला, कपाशीला बोंडं किती, सोयाबीनला भाव काय, लग्नाच्या तिथी किती, हे त्यांना कृषी सहायकापेक्षा जास्त माहीत. कापसाचे पैसे हातात आले की फ्रीज निघतो, लग्न ठरलं की कपाट, कूलर आणि टीव्ही एकाच टेम्पोत जातात, हे त्यांचं गणित. एकदा त्यांनी कॉलवर सांगितलं, “सर, पाऊस लांबलाय, या महिन्यात जमणार नाही.” मुंबईचे साहेब म्हणाले, “पण आपण टीव्ही विकतो, छत्र्या नाही.” भाऊ म्यूटवर काय बोलले, ते कॉलनीतल्या चार घरांनी ऐकलं.

त्यांची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. तीन तारखेला जीएसटी परिषदेने ठरवलं, की बावीस तारखेपासून एसी आणि बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर येणार. बावीसलाच घटस्थापना. मधले एकोणीस दिवस गिऱ्हाईक दुकानात यायचं, मोठ्या टीव्हीवरून हात फिरवायचं, रिमोट दाबून बघायचं आणि ‘बावीसला येतो’ म्हणून जायचं. दुकानदार जुन्या करात नवा माल घेईना. कॉलवर रोज एकच प्रश्न: “प्रायमरी शून्य का?” भाऊंचं रोज एकच उत्तर: “सर, कारण सगळ्यांना पेपर वाचता येतो.” बावीसला सकाळी सगळ्या पार्ट्यांचे फोन एकदम वाजले, सगळ्यांना माल आजच पाहिजे, आणि गाडी डेपोतून निघालेली नाही.

मग आठवड्याभरातच मराठवाड्यात आभाळ फाटलं. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदाकाठची रानं पाण्याखाली गेली, वेचणीला आलेला कापूस झाडावर काळा पडला. त्या दिवसांत भाऊंनी गोदाकाठच्या एकाही पार्टीला टार्गेटचा मेसेज टाकला नाही, वसुलीचाही नाही. फोन करायचे, दुकानात पाणी शिरलं का विचारायचे आणि ठेवायचे. रिव्ह्यूत त्याबद्दल जे ऐकून घेतलं, ते त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नाही.

घरी म्हणाल, तर घरीही धंदाच चालतो. “अहो, या महिन्यात किराण्याला दोन हजार जास्त लागतील,” असं वहिनी म्हणाल्या, की भाऊ विचारतात, “मागच्या महिन्याचा क्लोजिंग स्टॉक किती?” पोराला त्यांनी सांगून ठेवलंय: ऐंशी टक्क्यांना सायकल, नव्वदला मोबाइल. सहामाहीला त्याला अठ्ठ्याहत्तर पडले, तेव्हा तो म्हणाला, “पप्पा, दोनच तर राहिले. तुम्ही सायकल घेऊन टाका, दोन टक्के वार्षिकला देतो.” भाऊंचा ऊर भरून आला. सायकल आली. दोन टक्के सिस्टिममध्ये आहेत.

या नोकरीत यायचं म्हणून हल्ली बरीच पोरं भाऊंकडे येतात. बापाने कारखान्यात लाइनवर आयुष्य काढलेलं, पोरगा एमबीए करून आलेला. भाऊ त्याला पंधरा दिवस गाडीवर मागे बसवून फिरवतात. पहिला धडा: दुकानात शिरलास की आधी गोदाम बघ, मग शेठचं तोंड बघ. दुसरा: पार्टीचं गोदाम भरून स्वतःचा आकडा काढू नको, तो माल पुढच्या महिन्यात तुझ्याच छातीवर बसतो. तिसरा: दोन पार्ट्यांना दोन भाव देऊ नको. एकाच गावात त्यांची सोयरीक असते, रात्री जेवताना तुझी दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली जातात. चौथा धडा फार थोड्या पोरांच्या लक्षात राहतो: लेखी आलं नसेल, तर तोंडी देऊ नको, आणि तोंडी दिलंस, तर ते लेखीच समज.

हा चौथा धडा म्हणजे भाऊंची लाल डायरी. आजवर त्यांनी दोन कंपन्या सोडल्या. सोडताना लॅपटॉप, सिमकार्ड, स्टॉकचा हिशोब सगळं परत केलं, डायरी नाही. तिच्यात कुठल्या पार्टीचा कुठल्या स्कीमचा किती क्लेम राहिलाय, हे तारीखवार लिहिलेलं आहे. ज्या कंपनीत आता ते नोकरीला नाहीत, तिच्या अकाउंट्सला ते आजही महिन्यातून एकदा फोन लावतात. “साहेब, त्या अंबडच्या पार्टीचे साडेअकरा हजार… हो, मी सोडली कंपनी… पण शब्द माझा होता ना!” मधूनच एखादी क्रेडिट नोट खरंच निघते. त्या दिवशी भाऊ डायरीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारतात आणि घरी जाताना जिलबी नेतात.

कंपनी बदलली की पार्ट्याही हळूहळू भाऊंच्या मागे येतात, त्याचं कारण ही डायरी. ब्रँड येतात आणि जातात. चितेगावला हे कुणी वेगळं सांगायची गरज नाही. दुकानदार फार तर दारावरचा बोर्ड बदलतो. पण पुढचा बोर्ड कुणाचा लावायचा, हे तो जाहिरात बघून ठरवत नाही, स्टुलावर कोण येऊन बसणार आहे ते बघून ठरवतो. चॅनेल सेल्स म्हणजे एवढंच: माल कंपनीचा, पैसे दुकानदाराचे आणि मधला शब्द आपला. त्या शब्दाला ना वॉरंटी, ना जीएसटी. पण सगळा धंदा चालतो तो त्याच्यावर.

तेव्हा वाचकहो, टीव्ही-फ्रीज घ्यायचा असेल तर घाई करू नका. तीस तारखेला संध्याकाळी जा. काउंटरच्या आत स्टुलावर मांडीवर बॅग घेतलेला कुणी बसलेला दिसला, तर हजारभर रुपये कमीच सांगा. शेठ आधी नाहीच म्हणतील. पण तो स्टुलावरचा माणूस तुमच्या बाजूने बोलेल. जमलं तर त्याला एक चहा पाजा. दिवसातला तो त्याचा अकरावा असेल, तरी तो नाही म्हणणार नाही.