सशाच्या शिकारीला

परदेशातल्या रस्त्यांवर, लोकांच्या नकळत, त्यांचे फोटो काढायला कोणता कॅमेरा न्यावा, हा प्रश्न आपल्याला पडलाय असं चारचौघांत बोलून दाखवू नये. उत्तरं घरपोच येतात. आमचं जपानचं बुकिंग झालं आणि पहिल्याच रविवारी मेहुणा हजर झाला. एरवी हिवाळ्यातले त्याचे रविवार भिगवणला जातात. पहाटे उजनीच्या पाण्यात होडीत बसायचं आणि रोहित पक्षी टिपायचे. येताना त्यानं आपली १५०-६००ची लेन्स बाळंतिणीच्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळून आणली होती.

"न्या, दाजी. सशाच्या शिकारीला जाताना वाघाची तयारी ठेवावी."

वाघाचं वजन भरलं दोन किलो. विमानात हातातल्या बॅगेला मुभा सात किलोंची. त्यात सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकता येत नाहीत, त्याही हातातच न्याव्या लागतात. उरलेल्या जागेवर भडंग, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं यांनी माझ्याही आधी बुकिंग केलेलं. पण वजन जाऊ द्या. सहाशेची लेन्स रोखल्यावर रोहित पक्षी चिखलातून मान वर काढत नाही. टोकियोतल्या मुळा निवडणाऱ्या आजीबाईंकडून ती अपेक्षा कशी करायची? आणि माझं सरळ मत आहे की लांबून ओढून आणलेला माणूस फोटोत लांबचाच राहतो. मागची पाटी, शेजारची सायकल, दुकानाचा पडदा, सगळं धुरात विरघळतं. मग तो फोटो क्योटोत काढला काय नि कोथरुडात काय!

थोरामोठ्या छायाचित्रकारांनी काय केलं ते पाहावं म्हणून वाचायला बसलो, तर एकेक जण लबाडीत मुरलेला. पॉल स्ट्रँडनं १९१६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवून घेतली होती. लोकांना वाटायचं, हा गृहस्थ दुसरीकडेच बघतोय. वॉकर इव्हान्स १९३८ पासून त्याच शहराच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून बसायचा. कोटाच्या बटणांमधून लेन्स डोकावायची आणि बटण दाबायची तार बाहीतून थेट हातात. ते फोटो पुस्तकरूपानं आले १९६६ मध्ये. कार्तिए-ब्रेसाँनं तर आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनं झाकून टाकले होते आणि बहुतेक काम एका ५० मिलिमीटरच्या लेन्सवर उरकलं. कोट घालायचा तर मला मुंबईच्या विमानतळापर्यंतही घाम फुटेल. काळी पट्टी मात्र आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळते.

"फोन आहे की!" ही म्हणाली. बरोबरच होतं. पण फोन समोर धरलेला माणूस फोटो काढतोय हे आता जगभर कळतं. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनचा तर फोटोचा आवाज बंदच करता येत नाही; चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कंपन्यांनी केलेली ती सोय. क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून पाट्या लागल्यात: फोटो काढलात तर दहा हजार येन. गेइशांच्या मागे पळणाऱ्या पर्यटकांची ही कमाई. मला ती पाटी एकदम पटली. कोणी कामावर निघालंय आणि आपण कॅमेरा घेऊन आडवं जायचं, याला काय म्हणावं?

शेवटी ठरला तो खिशात मावणारा, २८ मिलिमीटरला समान अशा एकाच लेन्सचा कॅमेरा. दुकानातल्या मुलानं दोनदा बजावलं, "सर, ह्याला झूम नाहीये." त्याच्या चेहऱ्यावर वधुपित्याची काळजी होती. झूम पायात असते हे त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण माझे गुडघे त्यानं दुकानाची पायरी चढतानाच पाहिले होते. पण या लेन्सची गंमत अशी, की छिद्र आठवर आणि फोकस दोन मीटरवर बांधून ठेवला, की सव्वा मीटरपासून पलीकडच्या फुटपाथपर्यंत सगळं स्वच्छ. कॅमेरा डोळ्याला लावायला नको, पोटाशी धरला तरी चालतो. आवाज अगदीच नको असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर. मात्र शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या खिडकीतून ते वापरलंत तर जपानमधले सगळे विजेचे खांब झिंगून कलल्यासारखे येतात.

टोकियोत असाकुसाच्या देवळाबाहेरच्या रस्त्यात मी या सगळ्या तयारीनिशी उभा होतो. राखाडी शर्ट, काळी पट्टी, आवाज बंद. समोर तांदळाच्या चकत्या भाजणारे एक आजोबा. लांब चिमट्यानं एकेक चकती उलटायची, फुगायला लागली की दाबायची, मग ब्रशनं सोया सॉसचा हात फिरवायचा. सॉस निखाऱ्यावर ठिबकला की चर्र होऊन वाफ त्यांच्या चष्म्यावर चढायची आणि ते न पुसता तसेच पुढची चकती उलटायचे. मी दोन मीटर मनात मोजले, श्वास रोखला.

"अरे वा, फोटो चाललाय का?"

मागून आमचा ग्रुप. सगळ्यांच्या डोक्यावर टूर कंपनीच्या केशरी टोप्या. नाशिकचे काका, काकू, त्यांच्या विहीणबाई, सगळे आजोबांच्या दोन्ही बाजूंना उंचीप्रमाणे उभे राहिले. काकांनी खिशातला गॉगल चढवला. आजोबांनी चष्मा पुसला, चिमटा खाली ठेवला आणि दोन बोटं वर करून हसले.

"आला का चांगला?" काकांनी विचारलं. "ग्रुपवर टाका. आणि डॉक्युमेंट म्हणून टाका हं, नाहीतर क्वालिटी जाते."