सहा देशांचे पाचशे

आमचे जावई गाडी शिकले ते छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर. ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रांती चौकातून सिडकोकडे निघालं की डाव्या हाताला रिक्षा असते, उजव्या हाताला रिक्षा असते आणि समोरून उलट्या दिशेनं एक दुचाकीवाला येत असतो. चूक त्याची असते, पण रागानं तो आपल्याकडे पाहतो. अशा रस्त्यावर वर्षानुवर्षं गाडी हाकून ज्याच्या दारावर साधा ओरखडा नाही, त्याला जगात कुठंही गाडी चालवता यावी अशी माझी भाबडी समजूत होती. लेक आणि जावई सॅन डिएगोला राहायला गेले आणि ती समजूत एका फोनमध्ये मोडली.

गाडीचा विमा काढायला जावईबापू गेले तेव्हा त्यांनी सगळे कागद नेले होते. भारतातला परवाना, त्यावरची जुनी तारीख, इतक्या वर्षांत एकही क्लेम घेतला नसल्याचं इथल्या कंपनीचं पत्र. पलीकडच्या माणसानं सगळं प्रेमानं पाहिलं आणि विचारलं, ‘‘अमेरिकेत किती वर्षं चालवताय?’’

‘‘गेल्या आठवड्यात आलोय.’’

‘‘म्हणजे शून्य.’’

हप्ता आला तो शाळकरी पोराला नुकता परवाना मिळाल्यावर येतो तसा. चाळिशीचा, कानशिलं पांढरी झालेला जावई कागदावर मात्र मिसरूड न फुटलेला. लेक म्हणाली, ‘‘बाबा, यांचं वय कमी झालं म्हणून आनंद मानावा की हप्ता वाढला म्हणून रडावं?’’ त्यात कॅलिफोर्नियाचा कायदा असा, की कायम राहायला आलात तर दहा दिवसांत तिथला परवाना काढा. लेखी परीक्षा द्या, मग गाडीची द्या. ‘थांबा’च्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली नाहीत, या कारणावरून आमचे जालना रोडचे पदवीधर पहिल्या खेपेला नापास झाले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. परीक्षकबाईंचं म्हणणं, कुत्रं नव्हतं हा मुद्दा नाही, चाकं थांबली नाहीत हा मुद्दा आहे.

तेव्हापासून मी एक गोष्ट ताडली आहे. हद्द ओलांडून येणाऱ्या माणसाला गाडी येते का, याचं कुणाला फारसं पडलेलं नसतं. खरी चौकशी असते ती ठोकल्यावर पैसे कुणाकडून वसूल करायचे याची. परवाना, विमा, शिक्के, मोहरा हा सगळा त्याच एका प्रश्नाचा पसारा आहे. आणि प्रश्न रास्त आहे, हेही कबूल केलं पाहिजे. आपल्या गल्लीतल्याचं घर तरी माहीत असतं. परका ठोकून निघून गेला तर कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा मी आंतरराष्ट्रीय परवाना काढला. त्याची पद्धत फार सोपी आहे आणि मला तीच थोडी काळजीची वाटली. सारथीच्या पोर्टलवर नमुना ४-अ भरायचा, चालू परवाना आणि पासपोर्टच्या प्रती जोडायच्या, १,००० रुपये भरायचे. आपण १९४९ च्या जिनिव्हा कराराचे सदस्य, त्यामुळे त्या बळावर कितीतरी देशांत हा परवाना चालतो. मुदत एक वर्षाची. सोबत मूळ परवाना हवाच, नुसत्या पुस्तिकेला किंमत नाही. २०२२ साली केंद्रानं देशभर तिचा नमुना एकसारखा केला, वर क्यूआर कोडही आला. गाडी चालवून दाखवा असं मात्र कुणी म्हणालं नाही. गारखेड्याहून गुलमंडीला जायचं तर जो माणूस रिक्षा करतो, कारण पैठण गेटपाशी गाडी लावायची कुठं, त्याच्या हातात एका अर्जावर निम्मं जग आलं.

याच्या उलटही होतं. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, तिथं परदेशी इंजिनिअर येत-जात असतात. त्यांच्या खिशात त्यांच्या देशाचा असाच परवाना असेल तर त्यांना आपल्या जालना रोडवर गाडी घालायची कायद्यानं मुभा आहे. मी जेवढे पाहिले तेवढे सगळे मागच्या सीटवर बसलेले होते. गाडी बनवणाऱ्या माणसाला ती कुठं चालवू नये हेही कळत असणार.

तसं आमच्या शहराचं आणि गाड्यांचं नातं फार गर्वाचं. वाळूजच्या बजाजमध्ये गाड्या तयार होतात. २०१० च्या ऑक्टोबरात आमच्या लोकांनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातम्या झाल्या. त्या दीडशे गाड्यांपैकी एखादी कधी मकाई दरवाज्यातून जाताना मला पाहायची होती. हा दरवाजा औरंगजेबाच्या काळचा. हत्ती, घोडे, मेणे यांच्या हिशेबानं बांधलेला. कमानीतून एका वेळी एकच मोटार जाते, आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या प्रत्येकाला ती एक मोटार आपलीच असावी असं वाटतं. तिथला कायदा सोपा आहे. ज्यानं आधी दिवा मारला तो जाणार. दोघांनी एकदम मारला तर ज्याची गाडी जुनी तो जाणार, कारण त्याला घाबरायचं काही उरलेलं नसतं.

हाच दिवा मी सॅन डिएगोत मारला. चारही बाजूंनी ‘थांबा’च्या पाट्या असलेला चौक होता. नियम असा की आधी पोचेल तो आधी जाईल, आणि एकदम पोचले तर उजवीकडचा. चौघंही थांबलो. मी दिवा मारला, म्हणजे ‘सरका, मी येतोय’. समोरच्या आजीबाईंनी त्याचा अर्थ ‘या, तुम्ही आधी’ असा घेतला, हात हलवून आभार मानले आणि निघाल्या. मीही निघालो होतोच. दोघांनीही ब्रेक लावले. मग आजीबाईंनी मला खूण केली, मी त्यांना केली, डावीकडच्यानं आम्हा दोघांना केली. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर कुणी बसायचं यावरून जो आग्रह होतो तसा तो पाच मिनिटं चालला असता. शेवटी जावई म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही फक्त जा. मकाई गेट समजा.’’

पाहुणा म्हणून मला तिथं भारतातल्या परवान्यावरच गाडी चालवता येत होती. आंतरराष्ट्रीय पुस्तिका कॅलिफोर्नियात निव्वळ भाषांतर समजतात, आणि आपला परवाना मुळातच इंग्रजीत. थोडक्यात, हजार रुपयांची पुस्तिका पर्समध्येच राहिली, बाहेर निघालीच नाही. विम्याची चौकशी मात्र कसून झाली. तिकडे विमा साधारण गाडीमागून चालतो. मालकानं कधीमधी कुणाला किल्ली दिली तरी सहसा भागतं. पण घरातच मुक्काम ठोकून बसलेला माणूस असेल तर त्याचं नाव कळवा म्हणतात. जावयांनी फोन लावला. पलीकडून प्रश्न आले: सासरे का? वय काय? किती दिवस राहणार? नक्की कधी जाणार? आमची सौ. शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, ‘‘लेकीच्या सासूनंसुद्धा आपल्याला हे कधी विचारलं नाही.’’

एक गोष्ट तिथं ऐकून मी थक्क झालो. आपण समजतो अमेरिका म्हणजे सगळं अवाढव्य. कॅलिफोर्नियात कायद्यानं घ्यायचा किमान विमा १ जानेवारी २०२५ पासून वाढला तोही एका जखमीमागे ३० हजार डॉलर, एका अपघातामागे ६० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १५ हजार. समोरची गाडी जरा भारीतली असली तर पंधरा हजार बंपर आणि दिव्यांतच संपायचे. आपल्याकडे गाडीखाली माणूस जखमी झाला किंवा गेला तर थर्ड पार्टीच्या विम्याला वरची मर्यादाच नाही. न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवील तेवढी कंपनीनं द्यायची. मर्यादा आहे ती दुसऱ्याच्या मालमत्तेला, खासगी मोटारीसाठी साडेसात लाख. म्हणजे माणसाच्या बाबतीत आपला कायदा दिलदार आहे. आता विमाच न काढता फिरणाऱ्या गाड्या किती, हा विषय मी इथं काढत नाही. रंगाचा बेरंग होतो.

सॅन डिएगोपासून मेक्सिको इतकं जवळ की लेकीच्या मनात आलं, एक रविवार तिहुआनात काढू. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता आणि तो असला की मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. माणसाचं भागलं. गाडीचं भागेना. अमेरिकेतला विमा हद्दीपाशी संपतो. मेक्सिकोचा कायदा मेक्सिकोतल्याच कंपनीचा विमा मानतो. शिवाय तिकडे अपघात झाला तर नुकसान भरून देण्याची सोय दाखवेपर्यंत पोलीस तुम्हाला थांबवून घेऊ शकतात. हमरस्त्यावर ‘अमेरिकेतला शेवटचा फाटा’ अशी पाटीच आहे, आणि त्या सुमाराला दिवसाच्या हिशेबानं मेक्सिकोचा विमा विकणारी दुकानं. दुकानातल्या पोरानं विचारलं, ‘‘किती दिवस?’’ जावई म्हणाले, ‘‘अर्धा.’’ अर्ध्या दिवसाचा विमा नसतो. पूर्ण दिवसाचे पैसे घेतले म्हणून सौ. तिथं संध्याकाळच्या पाचऐवजी रात्री नऊपर्यंत फिरली.

घरी येताना त्या पाटीकडे पाहून मला आमच्या आजीची आठवण झाली. आजी नेवाशाची, आजोबा गंगापूरचे. मध्ये गोदावरी. अलीकडच्या काठाला कायगाव, पलीकडे टोका. आज पुण्याला जाताना चहा प्यायला थांबायचं की नाही हे ठरेपर्यंत हा पूल मागे पडतो. पण तेव्हा गोदावरीच्या या काठाला निजामाचं राज्य आणि त्या काठाला इंग्रजांचं. म्हणजे माझी आजी परदेशातून आलेली सून. निजामाचं जकात खातं वेगळं, त्याला करोडगिरी म्हणत. पुढं मुक्तिसंग्रामात लोकांनी ज्या नाक्यांवर हल्ले केले ते हेच करोडगिरीचे नाके. आजी सांगायची, वरातीच्या गाड्या अडवून ट्रंका उघडल्या, रुखवतातली नवी भांडी बाहेर काढली आणि नाकेदारानं विचारलं, ‘‘वापरायची की विकायची?’’ तिच्या वडिलांनी मोजायला काढले ते इंग्रजांचे कलदार रुपये. या काठाला चालायचा तो निजामाचा हाली शिक्का, भावाला जरा उतरता. म्हणजे लग्नात जावयाला दिलेली दक्षिणासुद्धा कुठल्या नाण्यात यावर रुसवा होऊ शकत होता, आणि झालाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान पडलं, पण सासरच्या बायका आजीला शेवटपर्यंत ‘इंग्रजी हद्दीतली’च म्हणायच्या.

आता हद्दी राज्यांच्या उरल्या आहेत, आणि त्याही चिवट. आमच्या एमएच-२० ची गाडी घेऊन मुलगा हैदराबादला नोकरीला गेला, तर बारा महिन्यांच्या वर तिथं राहिली की नंबर बदला. बदल्यांची नोकरी करणाऱ्यांसाठी २०२१ साली बीएच मालिका निघाली तेव्हा कुठं काही लोकांना श्वास घेता आला. पुण्यात तर एमएच-२० पाहिल्यावर मागचा हॉर्न देतो. त्याला कुठलाच विमा नाही.

परदेशातून आल्यावर माणूस काही दिवस कागद वाचत सुटतो. मी माझ्या गाडीची पॉलिसी वाचायला घेतली, अगदी शेवटच्या पानापर्यंत. भौगोलिक क्षेत्र: भारत. ठीक. आणि मग आपल्या मोटर टॅरिफमधली ती सुंदर तरतूद सापडली. पॅकेज पॉलिसी असेल तर सरसकट ५०० रुपये जादा भरून हे क्षेत्र वाढवून मिळतं. कुठवर? नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीव. ही यादी लिहिणाऱ्या साहेबांना मला एकदा भेटायचं आहे. छत्रपती संभाजीनगरहून कुणी स्वतःच्या मोटारीनं मालदीवला निघेल, अशी त्यांना सरकारी खात्री वाटली. पण साहेब हुशार. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की गाडी नेताना समुद्रप्रवासात किंवा विमानात काही झालं तर विमा लागू नाही. म्हणजे मालदीवच्या किनाऱ्यावर गाडी ठोकली तर भरपाई आहे. फक्त तिथं ती पोचायला हवी, आणि पोचण्याची जबाबदारी तुमची.

भाच्याचा मित्र आमचा विम्याचा एजंट आहे. त्याला फोन लावला. तो आधी घाबरला. ‘‘काका, मालदीवला? गाडी?’’

‘‘मालदीव राहू दे. नेपाळला जायचंय. पशुपतिनाथ.’’

तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. नेपाळचं त्याला ठाऊक होतं. आपलाच परवाना चालतो, सुनौलीला भन्साराच्या, म्हणजे जकातीच्या, कचेरीत दिवसांच्या हिशेबानं गाडीचे पैसे भरायचे, आणि किती दिवस राहणार ते तिथंच सांगायचं. हे ऐकून आमच्यात लगेच वाद लागला. मला चार दिवस पुरे होते, सौ. म्हणाली पोखरा न बघता परत यायचं तर गाडी पुढच्या चौकातसुद्धा काढू नका. जादा दिवस झाले तर दंड, कमी झाले तर भरलेले पैसे गेले. शेवटी तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

‘‘हे बघ बाळा, सहा देशांचे पाचशे म्हणतोस ना?’’

‘‘हो काकू, सरसकट.’’

‘‘मग एकट्या नेपाळचे किती?’’

‘‘पाचशेच, काकू.’’

‘‘म्हणजे एक घेतला तरी पाचशे आणि सहा घेतले तरी पाचशे?’’

‘‘हो… तसंच आहे ते.’’

‘‘मग सहाही लिही. पाकिस्तान सोडू नकोस, पैसे भरलेत.’’