जुन्या छपराला देणगीदार मिळत नाही

देणाऱ्याच्या दानात खोड काढू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. ती मला मान्य आहे. तरीही ही तक्रार करतो, कारण गप्प बसून छपरं गळायची थांबत नाहीत. मावळात, लोणावळ्याच्या अलीकडे, देणग्यांवर चालणाऱ्या एका वसतिगृहाच्या इमारतींची देखभाल माझ्याकडे आहे. नव्या सभागृहासाठी आम्हाला पैसे मिळतात. मुलं झोपतात त्या जुन्या खोल्यांच्या छपरासाठी मिळत नाहीत.

पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. 2024 च्या जुलैत लोणावळ्यात एका दिवसात 370 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे पुण्याचा वर्षभरातला जवळजवळ अर्धा पाऊस चोवीस तासांत. शिवाय इथला पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवी झड येते, पाणी कौलांच्या खालून वर चढतं, खिडकीच्या चौकटीतून आत शिरतं. गच्चीचं जे वॉटरप्रूफिंग पुण्यात टिकतं, ते इथे टिकत नाही. ‘गेल्याच वर्षी पैसे दिले होते, पुन्हा गळती कशी?’ हे विचारणाऱ्यांपैकी कुणी आषाढात इथे मुक्कामाला राहिलेलं नसतं.

सगळ्यात जास्त त्रास रंगाचा होतो. आमच्या भोजनगृहाची मागची भिंत दगड-चुन्यातली आहे. चुन्यातली भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. पूर्वी कधीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला गेला आणि ओल बाहेर पडायची वाट बंद झाली. पुढे कार्यक्रमाला पाहुणे येणार म्हणून एका देणगीदारांनी डिसेंबरात वरून प्लास्टिक पेंट मारून दिला. जुलैत त्याला पुरीएवढे फुगे आले. बोट टेकवलं की फुगा फुटतो, पाणी ओघळतं आणि मागे पांढरा क्षार दिसतो. खरं काम म्हणजे तो गिलावा खरवडून काढायचा, भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवून वाळू द्यायची आणि मग चुन्याचा गिलावा करायचा. पण उघड्या भिंतीसमोर उभं राहून कुणी फोटो काढत नाही, म्हणून त्या कामाला पैसे नाहीत. रंगाला आहेत, दर दोन वर्षांनी.

स्लॅबचंही तेच. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट सुटून पडतं. एका खोलीतले पलंग आम्ही भिंतीकडे सरकवून घेतले आहेत, कारण मधल्या भागातून खपल्या पडतात. या खोलीसाठी आम्ही मागणीपत्रं पाठवली. उत्तरं आली ती वॉटर कूलरची. वायरिंग जुनं आहे, कूलर सुरू केला की फ्यूज उडतो. वायरिंग बदलून देणारा कुणी नाही, कारण भिंतीतली वायर दिसत नाही.

अन्नदानाचा मला आदर आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, सगळ्या तारखा भरलेल्या असतात आणि मुलं पोटभर जेवतात. पण ज्या स्वयंपाकघरात ते जेवण शिजतं त्याची मोरी तुंबते, सांडपाणी ओट्याखाली येतं आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया त्यात उभ्या राहून पोळ्या लाटतात. पोळीला देणगी आहे, मोरीला नाही. हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

नावाची पाटी हवी असणं हा काही दोष नाही. कार्ल्याच्या चैत्यात जाऊन पाहा. खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, आणि वैजयंतीच्या भूतपालाचं नावही लेखात आहे. पण त्याच लेण्यात उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे. त्यानं करजिक नावाचं गाव दिलं ते पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. म्हणजे दगड कोरून झाल्यावरही खर्च संपत नाही, हे त्याला ठाऊक होतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत याच्याही पुढची गोष्ट आहे. राणी गौतमी बलश्रीच्या लेण्यासाठी राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळात एका गावाचं उत्पन्न लावून दिलं, ते लेण्याच्या देखभालीसाठी आणि कायमचं. दुसऱ्या शतकात, अखंड कातळात कोरलेल्या लेण्याला देखभालीची तरतूद लागते हे राजघराण्याला कळत होतं. आमची तर कौलं आहेत.

कौलांचं काम वेळेवर झालं तरच उपयोगी. दिवाळीपासून मेपर्यंत छपराला हात लावता येतो, पुढे मिरगाआधी सगळं झाकून घ्यावं लागतं. कंपन्यांचा सीएसआरचा निर्णय मार्चअखेरीला होतो आणि पैसे हाती येईपर्यंत मे उजाडतो. तोवर मिस्त्री बंगल्यांच्या कामावर गेलेले असतात. सेकंड होमचा मालक मजुरी जास्त देतो आणि मिस्त्रीला दोष देता येत नाही. शाकारणी जाणणारी जुनी माणसं थकली, त्यांची मुलं तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत लागली. त्यात माकडं रोज दोन-चार कौलं फोडतात. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते भरलेले, वाळूची गाडी सोमवारशिवाय येत नाही. मग आम्ही ताडपत्री बांधतो, ती वाऱ्यानं फाटते, पुन्हा बांधतो. त्या ताडपत्र्यांचा वर्षानुवर्षांचा खर्च मांडला तर त्यात एक बाजू नीट शाकारून झाली असती.

माझं मागणं साधं आहे. देणगी देताना ‘इमारत बांधकामासाठी’ असं लिहून तिला बांधून टाकू नका, कारण तसं लिहिलेल्या पैशातून आम्हाला पन्हळसुद्धा बदलता येत नाही. ‘दुरुस्ती व देखभाल’ असं लिहा, किंवा काहीच अट घालू नका. आणि पैसे दिवाळीच्या सुमाराला द्या. पूर्वेकडच्या चार खोल्यांचे वासे वाळवीनं पोखरले आहेत. कौलं उतरवून वासे आणि रीपा बदलायच्या आहेत. डिसेंबरात काम लागलं तर फेब्रुवारीत उरकेल, आणि तेवढे दिवस मुलांना त्या नव्या सभागृहात झोपवता येईल.