लिटरला किती?

लोणावळ्यात एखाद्या गृहस्थाशी नव्याने परिचय झाला, म्हणजे तो प्रथम आपले आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो, मग नोकरी कोठे आणि राहते घर स्वतःचे की भाड्याचे हे आडवळणाने काढून घेतो, आणि हे सर्व सोपस्कार यथासांग उरकल्यावर आपल्या दारातील स्कूटरकडे ओझरता कटाक्ष टाकून, ज्यासाठी इतका वेळ दम धरलेला असतो तो प्रश्न करतो, "ॲव्हरेज किती देते?"

या प्रश्नाला मी पंचवीस वर्षे भीत आलो आहे. इंग्रजीत हा शब्द सरासरी या निरुपद्रवी अर्थाने नांदतो म्हणतात. परंतु आमच्या मुलखात पावसाची सरासरी असते, फलंदाजाची सरासरी असते, आणि ॲव्हरेज मात्र केवळ गाडीचे असते. शिवाय गाडी ते 'देते'. म्हैस जशी दूध देते तशी गाडी ॲव्हरेज देते. आणि चार लिटरांची म्हैस ज्याप्रमाणे बाजारात धन्याच्या तोंडून सात लिटरांची होते, त्याचप्रमाणे चाळिसाची गाडी चारचौघांत साठाची होते, व त्याबद्दल कोणी कोणास खोटारडा म्हणत नाही. आमच्या कचेरीत बारनिशीवर बसणारे गृहस्थ आपली मोटरसायकल पासष्ट देते असे शपथेवर सांगतात. तीच गेल्या दिवाळीत बासष्ट देत होती. वयोमानाप्रमाणे दुभतेपण वाढणारी अशी गाडी भूतलावर दुसरी नसावी.

मला असे बोलता येत नाही, याचे कारण सत्यनिष्ठा नसून व्यवसाय आहे. मी हिशेबनीस आहे. मावळ तालुक्याचे ठाणे जे वडगाव, तेथील एका खाजगी कचेरीत जमाखर्च लिहिण्याचे काम मी करतो, आणि त्यासाठी रोज लोणावळ्याहून जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरांच्या आसपास मजल मारतो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे जुन्या महामार्गाखेरीज आम्हांस गती नाही. मात्र दुचाकी असल्यामुळे पथकराचेही भय नाही, आणि न मागता पदरात पडलेली अशी ही एकच बचत मला आयुष्यात ठाऊक आहे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी बऱ्याच वाटेने कधी जवळून, कधी दुरून मला सोबत करते. तिला पुढे देहू-आळंदीपर्यंत जायचे असते आणि त्यासाठी ती कपर्दिकही खर्च करीत नाही, हा विचार पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडल्यापासून माझ्या मनात फार वेळा येऊ लागला, आणि तेव्हाच मी स्कूटरच्या नावाने स्वतंत्र रोजकीर्द घातली.

रीत सोपी आहे. टाकी गळ्यापर्यंत भरावी, मीटरावरील आकडा टिपून ठेवावा, पाच-सहा दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच हाताने, गळ्यापर्यंत भरून किती लिटर मावले ते पाहावे. माझ्या वहीत तारीख, आकडा, लिटर, रक्कम आणि शेरा असे पाच रकाने आहेत. शेऱ्याच्या रकान्यात 'वारा समोरचा', 'कार्ला फाट्यावर यात्रेकरूंची गर्दी', 'सौ. मागे, भाजीची पिशवी पुढे' अशा नोंदी सापडतात. पहिल्या तीन महिन्यांची खतावणी केली तेव्हा जो आकडा निघाला तो अडतीस. दरमहा पंचवीस दिवसांचे साडेबाराशे किलोमीटर धरले, तर तेहतीस लिटर, म्हणजे सुमारे चौतीसशे रुपये माझ्या मुशाहिऱ्यातून धुराच्या रूपाने जुन्या महामार्गावर विखुरले जात होते.

१९७३ च्या तेलसंकटाने जगाची झोप उडाल्यानंतर आपल्या सरकारासही जाग आली आणि १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ या भारदस्त नावाची संस्था निघाली. वेग पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान ठेवावा, चाकांतील हवा वेळोवेळी तपासावी, थांबावे लागले तर इंजिन बंद करावे, असा तिचा उपदेश. आणि तो शास्त्रशुद्ध आहे, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. मी हा उपदेश शिरोधार्य मानला. परिणाम असा झाला, की ज्या टेम्पोंना मी तारुण्यात धूळ चारली ते तर मला ओलांडून गेलेच. पण एके सकाळी कान्हे फाट्याच्या अलीकडे दुधाचे कॅन लावलेला एक म्हातारा आपल्या लूनावरून माझ्या उजव्या अंगाने पुढे गेला, आणि जाताना त्याने माझ्याकडे ज्या दयार्द्र नजरेने पाहिले ती मी अद्याप विसरलेलो नाही.

तरी चाळीस आले. दोनाचा लाभ झाला. पण तेवढ्यात मृग लागला. मावळच्या पावसाविषयी परगावच्या लोकांनी पुष्कळ काव्यमय मजकूर लिहिला आहे. त्यांपैकी एकानेही रेनकोट घालून स्कूटर चालविलेली नसावी. त्या पावसात वारा रेनकोटात खालून शिरतो, मनुष्याचा फुगा होतो, आणि त्या फुग्याला पुढे ढकलण्यासाठी जे पेट्रोल जळते त्याचा हिशेब कोणत्याही संघाने केलेला नाही. त्यातून शनिवारी सायंकाळी परतावे, तर साऱ्या महाराष्ट्राला भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसण्याची एकाच वेळी इच्छा झालेली असते. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून आगगाडीवाल्यांनी बांधलेले ते धरण आज इतक्या मोटारींना तासन्‌तास जागच्या जागी इंधन जाळावयास लावते, की त्या इंजिनांचे आत्मे तृप्त झाले असतील. आषाढाची खतावणी छत्तीसवर उतरली.

मग मी नाक्यावरच्या मिस्त्रीला शरण गेलो. त्याने प्लग काढून उजेडाला धरला, आणि वैद्याने जीभ पाहावी तसा तो पाहून म्हणाला, "काका, प्लग काळाकुट्ट झालाय. पेट्रोल जास्ती पितीय. हवा वाढवू, पंचेचाळीस देईल." प्लगचा रंग काळा असेल तर पेट्रोल अधिक, पांढरा असेल तर हवा अधिक, आणि विटकरी असेल तर प्रकृती सम, हे ज्ञान मला त्याच दिवशी झाले. त्याने कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरविला आणि सत्तर रुपये घेतले. ॲव्हरेज खरोखरच चव्वेचाळीसवर गेले! पाव फेऱ्यात जर इतके यश, तर अर्ध्या फेऱ्यात किती, हे त्रैराशिक मी घरी मांडले. आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याजवळही होता.

प्लग पांढराशुभ्र झाला. भाद्रपदातल्या एका लख्ख दुपारी कार्ला फाट्याच्या अलीकडे स्कूटरने एक दीर्घ निःश्वास टाकला आणि मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले. हवा अधिक आणि पेट्रोल कमी झाले की इंजिन तापते, तापले की पिस्टन सिलिंडरला घट्ट धरतो. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी समोरच्या डोंगरातील लेण्यांकडे पाहत राहिलो. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांतून घाटमाथ्यावर माल आणणारे जे तांडे या वाटेने जात, त्यांतील व्यापाऱ्यांची नावे त्या लेण्यांच्या खांबांवर दाते म्हणून कोरलेली आहेत. त्यांच्या बैलांना वाटेत गवत फुकट होते. धर्मादायासाठी शिल्लक कोठून राहत होती, याचा उलगडा मला त्या फाट्यावर झाला.

सिलिंडरला बोअर मारण्यासह एकूण खर्च दोन हजार आठशे. वाचलेल्या पेट्रोलच्या हिशेबाने ही रक्कम फेडण्यास सहा महिने लागणार होते, आणि ते सहा महिने निर्विघ्न पार पडते, तर हा लेख येथेच संपला असता.

पौषात खोपोलीस मेहुण्यांच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतारच उतार. तेव्हा इंजिन सुरू ठेवणे हा शुद्ध अपव्यय होय, अशी माझी खात्री पटली होती. अमृतांजन पुलाची जागा येताच मी किल्ली फिरविली. १८३० साली बांधलेला तो पूल डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीवरून त्या नावाने ओळखला जाई. तो २०२० साली पाडण्यात आला. डोकेदुखी मात्र स्थानिक स्वरूपात शिल्लक असावी, कारण मागे बसलेल्या आमच्या कुटुंबाने तेथूनच कपाळाला हात लावला. "अहो, आवाज का बंद झाला?" या प्रश्नास मी, "शून्य पेट्रोल!" असे उत्तर दिले. दोन वळणे स्वर्गीय शांततेत गेली. तिसऱ्या वळणावर माझ्या ध्यानात आले, की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रल केली, म्हणजे गिअरचा आवर सुटतो आणि दोन माणसे, एक स्कूटर व आहेराचे पातेले यांचा सर्व भार केवळ ब्रेकवर येतो. ब्रेकचा पाय अधिकाधिक खोल जाऊ लागला, करपल्याचा वास आला, आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबली ती माझ्या कर्तबगारीने थांबली असे मी म्हणणार नाही.

शिंग्रोबा हा धनगर. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा ती याने दाखविली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी आख्यायिका आहे. येणारे-जाणारे गाडीवान तेथे नाणे टाकतात. ब्रेक निवेपर्यंत आम्ही अर्धा तास तेथे बसलो होतो, आणि बसल्या बसल्या मला वाटले, की मेंढरांच्या मागून चालणाऱ्या माणसालाच ही वाट सापडावी हे अगदी न्याय्य आहे; कारण कमीत कमी श्रमांत चढ कसा चढावा, हे मेंढराइतके कोणत्याही अभियंत्यास कळत नाही. ॲव्हरेजचे अधिष्ठाते दैवत कोणी असेल तर तो हाच. कुटुंबाने पाच रुपये टाकले. मी ते वहीत 'किरकोळ' या सदराखाली घातले.

परतीच्या चढावर मी मनातल्या मनात एक आकडेमोड केली. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत उभा चढ सुमारे साडेपाचशे मीटरांचा. अडीचशे किलोचे ओझे तेवढे वर उचलावयाचे, आणि पेट्रोलमधील शक्तीचा चौथा हिस्साच काय तो कामी येतो असे धरावयाचे, तर त्यासाठी लागते लिटरचा सहावा भाग, म्हणजे सतरा रुपयांचे पेट्रोल. उतारावर वाचविलेले तर त्याहूनही कमी असणार! आणि ब्रेकचे नवे लायनर, मजुरीसह, साडेचारशे.

उतारावर पैसा कमावणे अशक्य आहे, असे मात्र नव्हे. आमच्याच वळवणच्या आणि लोणावळ्याच्या तलावांतले पाणी टाटांनी नळांतून कड्याखाली सोडले आणि १९१५ सालापासून खोपोलीस वीज काढून मुंबईला विकली. जे पाणी इंद्रायणीवाटे पूर्वसमुद्राला जावयाचे, ते पश्चिमसमुद्राकडे वळविले. (वळवण हे नाव त्यावरून पडले नाही, गाव आधीचे आहे, पण योगायोग सुरेख आहे.) उलट चढावर आगगाडीचीही फजिती चुकत नाही. १८६३ साली पुरा झालेला तिचा घाट काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट चढतो, आणि तो चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने लावून गाडीला ढकलत आणावे लागते. माझे आजोबा सांगत, की महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा बशींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या जोडल्या होत्या, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालावे, असा अलिखित दंडक होता. ॲव्हरेज वाढविण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय म्हणावा लागेल.

त्या रात्री मी वर्षाची खतावणी पुरी केली. एका बाजूला वाचलेले पेट्रोल, दुसऱ्या बाजूला बोअर, लायनर, दोन प्लग, हवेचा दाब मोजण्याचे यंत्र, रोजकीर्दीची वही आणि शिंग्रोबाचे पाच रुपये. वजाबाकीचा आकडा येथे देत नाही. कुटुंबाने चष्मा लावून तो वाचला आणि एवढेच विचारले, "अहो, वडगावला लोकल थांबते ना?"

थांबते. लोणावळ्याहून निघाली की मळवली, कामशेत, कान्हे आणि चौथे वडगाव. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाला तीन लिटर पेट्रोलच्या आतबाहेर पैसे पडतात. पंचवीस वर्षे ज्या रुळांच्या आसपास मी पेट्रोल जाळीत गेलो, त्या रुळांवरून हे शक्य आहे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. परंतु ठाऊक असणे आणि खात्यावर येणे यांत हिशेबनिसालाही अंतर असते. आता स्कूटर केवळ घरापासून स्थानकापर्यंत जाते. इंजिन तापण्यापूर्वीच प्रवास संपत असल्यामुळे ती सध्या अठ्ठावीस देते, आणि त्याचे मला काही वाटत नाही.

परवा लोकलमध्ये समोरच्या बाकावर नवे पासधारक आले. आडनाव झाले, गाव झाले, घर झाले, आणि माझ्या मांडीवरचे हेल्मेट पाहून त्यांनी विचारलेच, "ॲव्हरेज किती देते?" साडेबाराशे भागिले तीन हे त्रैराशिक मी मांडूनच ठेवले होते. जन्मात प्रथमच मान ताठ ठेवून मी म्हणालो, "चारशे." ते क्षणभर स्तब्ध झाले. मग पुढे सरकून, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी हलकेच विचारले, "ट्युनिंग कोणाकडून करून घेतलंत?"