कपाटाच्या कुलपास, सप्रेम नव्हे

कुलुपा,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची पद्धत आहे. तुला तो लिहिणार नाही. माझं प्रेम पुस्तकांवर आहे आणि ती तू अडवून ठेवली आहेस.

मी मैंदर्गीची. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं आमचं गाव. माझ्या घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. तू मात्र कोणत्याही एका गावचा नाहीस. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत एक लोखंडी कपाट असतं, त्यात गोष्टींची पुस्तकं असतात आणि कडीला तू लटकलेला असतोस. म्हणून ही एका शाळेविरुद्धची तक्रार समजू नकोस. जिथे जिथे तू आहेस, तिथे तिथे हे पत्र तुझ्याच नावचं आहे.

तू तुझं काम चोख केलंस. वर्षाअखेर तपासणी होते, नोंदवहीतला आकडा आणि कपाटातली पुस्तकं जुळतात. एकही पुस्तक हरवलेलं नसतं, एकाचंही पान दुमडलेलं नसतं. सातवीतल्या मुलांसाठी घेतलेलं पुस्तक ती मुलं दहावी होऊन गेली तरी कोरं करकरीत असतं. वाळवीला जे जमलं नसतं ते तू करून दाखवलंस. पुस्तकाला धक्का न लावता तू ते वाचकापुरतं संपवलंस.

15 ऑक्टोबरला तेवढी तुला सुट्टी मिळते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 2015पासून आपल्या राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी पुस्तकं टेबलावर मांडली जातात, हातात धरून फोटो निघतात आणि शाळा सुटायच्या आत ती पुन्हा तुझ्या ताब्यात जातात. त्याच दिवशी वर्गात वाचनाचा संकल्प लिहायला सांगतात. महिन्याला किती पुस्तकं वाचणार? मुलं आकडा लिहून मोकळी होतात. कोणतं पुस्तक, ते कुणी लिहीत नाही, कारण कपाटात काय आहे तेच कुणाला ठाऊक नसतं. ज्या मुलाला कुठून तरी पुस्तक मिळतं, तेही आकडा गाठायला सगळ्यात पातळ पुस्तक शोधतं.

मला विचारशील तर वाचनाचं ध्येय आधी हातात ठरतं आणि मग कागदावर उतरतं. दहा पुस्तकं चाळायची, चित्रं बघायची, मधलंच पान उघडून चार ओळी वाचायच्या, नाही आवडलं तर परत ठेवायचं. असं करताना एक पुस्तक आपल्याला सोडत नाही. तेव्हा कळतं, आपल्याला समुद्रावरच्या गोष्टी आवडतात की भुतांच्या, चरित्रं आवडतात की किड्यामुंग्यांची माहिती. स्वतःची आवड कळल्याशिवाय कसलं ध्येय ठरवायचं? ती कळण्याची वाटच तू बंद केलीस.

कायदा तुझ्या बाजूने नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे. तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं मिळावीत असं म्हटलं आहे, आणि गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. मिळावीत, म्हणजे मुलांना मिळावीत.

तुझी बाजूही मी ऐकून घेतली आहे. कपाटाची जबाबदारी एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्यांच्याकडे आधीच वर्ग, परीक्षा, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरायचं काम असतं. पुस्तक हरवलं तर पैसे आपल्याला भरावे लागतील, ही धास्ती वेगळीच. त्या सरांवर किंवा बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या धास्तीवर तू जगतोस, म्हणून राग तुझ्यावर आहे.

ही धास्ती काढता येते. केंद्र सरकारच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांमध्ये ग्रंथालयांसाठी एक नियम आहे. वर्षभरात घरी दिलेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली, तर ती हानी वाजवी मानावी. त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला म्हणजे झालं. हे नियम केंद्राच्या कारभारासाठी आहेत. पण दिल्लीच्या हिशेबनिसांना जे समजलं ते गावातल्या शाळेच्या तपासणीत का समजू नये? पुस्तकं फिरली की थोडी हरवणारच.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. इतकी साधी गोष्ट त्यांना नियम म्हणून लिहावी लागली, कारण एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळदंडाने फळीला बांधलेली असत. पण कुलुपा, त्या साखळीतलं पुस्तकसुद्धा तिथेच उभं राहून वाचता येत होतं. तू तेवढीही सवलत देत नाहीस.

आपल्याच माणसाचं उदाहरण देते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. 1910मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात, गाव त्या वाचून काढी आणि पेटी पुढच्या गावाला निघे. शंभर वर्षांपूर्वी पुस्तकं गावोगाव फिरत होती. आज ती शाळेच्या एका खोलीतून शेजारच्या वर्गात पोचत नाहीत.

तरीही मी वाचते. तुझ्या मेहेरबानीने नाही. ओळखीच्यांकडून आणलेले जुने दिवाळी अंक, एसटीने अक्कलकोटला गेल्यावर विकत घेतलेली पुस्तकं, मैत्रिणीच्या भावाने दिलेलं एक फाटकं चरित्र, यांवर माझं वाचन उभं आहे. संध्याकाळी मी मराठी गोष्ट वाचते आणि अज्जीला कानडीत सांगते. अज्जी शाळेत गेली नाही. मी मध्येच थांबले की ती विचारते, "मुंद एनातु?" पुढं काय झालं? कोणत्याही संकल्पपत्रापेक्षा या प्रश्नाने मला जास्त वाचायला लावलं आहे.

माझी ध्येयं आता मीच ठरवली आहेत आणि त्यांत महिन्याचा आकडा नाही. जे वाचीन ते कुणाला तरी सांगता येईल असं वाचायचं. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यात सोडायचा हक्क स्वतःला द्यायचा. ज्या विषयाची भीती वाटते, त्यावरचं एक पुस्तक दर वर्षी घ्यायचं. आणि कानडी अक्षरं नीट शिकून घरची भाषा वाचायची. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती. ते आमच्या सोलापुरात डी. ए. व्ही. कॉलेजात कानडी शिकवत होते आणि 1973चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कानडी कवितेसाठी मिळाला. त्यांची कविता मला त्यांच्याच अक्षरांत वाचायची आहे. सीमेवर राहणाऱ्या मुलांना दोन भाषांची पुस्तकं मिळाली पाहिजेत. तुझ्यामुळे एकीचीही मिळत नाहीत.

आता तुझं काय करायचं ते शाळांना सांगते. कपाटाची किल्ली प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांकडे आळीपाळीने द्या. दोरीला पेन बांधून एक वही ठेवा. ज्याने पुस्तक नेलं त्याने नाव आणि तारीख लिहावी. मधल्या सुट्टीत पुस्तकं वर्गात येऊ द्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी जाऊ द्या. वर्षाच्या शेवटी हरवलेल्या पुस्तकांची यादी करा, पण तिच्या शेजारी वाचलेल्या पुस्तकांचीही यादी लावा. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी दुसरी यादी आधी मागावी. शिक्षकांकडून वसुली होणार नाही, हे त्यांना लेखी द्या.

हरवलेलं पुस्तक पुन्हा विकत घेता येतं. बाराव्या वर्षी जे वाचायचं राहून गेलं, ते कोणत्याही निधीतून भरून निघत नाही. मुलं वाचत नाहीत म्हणून मोबाइलला दोष देणाऱ्यांनी आधी तुझ्याकडे बघावं आणि येत्या सोमवारी तुला काढून ठेवावं.

मैंदर्गीची एक विद्यार्थिनी